ओढेल हो, पण आवरेल का?

कोलोरॅडोत येऊन दोन-तीन वर्षं झाली की बऱ्याच मराठी घरांत एकदा तरी ट्रेलरचा विषय निघतो. डोंगर दाराशी आहेत, मुलं शाळकरी आहेत, उन्हाळ्यात नॅशनल पार्कजवळची हॉटेलं परवडत नाहीत आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना तंबूत झोपवणं बरं वाटत नाही. मग कुणीतरी जुना पण बऱ्या स्थितीतला कॅम्पिंग ट्रेलर बघून येतं आणि मला फोन करतं. प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : "दादा, आमची एसयूव्ही ५००० पौंड ओढते. ट्रेलर ३८०० चा आहे. म्हणजे बाराशे पौंड हातात राहतात ना?"

मीही अगदी हेच गणित केलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात बायको-मुलांसह रस्त्याकडेला उभं राहून हात थरथरताना पाहिले, तेव्हा ते गणित पुन्हा मांडायला बसलो. त्यातले दोन्ही आकडे खरे असतात, पण दोन्ही कागदावरचे असतात. रस्त्यावर त्यांचं काय होतं ते इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो.

आधी ३८००. हे ट्रेलरचं कोरडं वजन, म्हणजे कारखान्यातून निघतानाचं. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरुणं नाहीत, बहुतेक वेळा बॅटरीसुद्धा धरलेली नसते. एक गॅलन पाणी ८.३ पौंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच वाढले. पुढे गॅसच्या दोन टाक्या, बॅटरी, खुर्च्या, चाकाखाली घालायचे ठोकळे, तांदूळ-डाळ, कुकर, चार जणांचे गरम कपडे. माझा ३८०० चा ट्रेलर काट्यावर ४७४० भरला. एकही वस्तू उगाच घेतलेली नव्हती.

आता ५०००. हा आकडा बऱ्याच कंपन्या आजकाल एका ठरलेल्या चाचणीवरून देतात. तिचं नाव एसएई जे२८०७. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून ती सगळ्यांत आधी स्वीकारली, बाकीचे मागाहून आले. चाचणीचा प्रसिद्ध चढ ॲरिझोनात डेव्हिस धरणाजवळ आहे. साधारण साडेअकरा मैलांत तीन हजार फूट चढायचे, बाहेर १०० डिग्री फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ऊन, एसी पूर्ण चालू, आणि साध्या चार चाकी गाडीचा वेग ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये. चाचणी कडक आहे, तिच्यावर माझा आक्षेप नाही. पण गाडीत माणसं धरलेली असतात दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. मागच्या दोन ओळी रिकाम्या. आपल्या गाडीत मात्र मुलं, आजी, कूलर आणि बॅगा असतात. शिवाय तो चढ सुरू होतो समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे फुटांवर. डेन्व्हर स्वतःच ५२८० फुटांवर आहे.

इथे लोकांना पहिली भीती वाटते ती इंजिनाची : चढाला दम लागेल, गाडी थांबेल. ही भीती आधी मोजून बाजूला ठेवू, कारण माझ्या मते ती सगळ्यांत कमी महत्त्वाची आहे.

आमची गाडी, माणसं आणि ट्रेलर मिळून ४७५० किलो होतात. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणाऱ्या आय-७० हायवेवरून डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना ६ टक्के चढ धरा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६ मीटर वर. ताशी ६० मैलांनी हा चढ चढायला नुसतं वजन वर नेण्यासाठी १०० हॉर्सपॉवर लागतात. ट्रेलरची पुढची भिंत हवा कापते, तिथे आणखी ५० च्या वर जातात, आणि टायर २० खातात. एकूण चाकांवर १७० च्या आसपास लागतात. आमचं इंजिन कागदावर २८० चं. पण टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, कारण हवाच विरळ होत जाते. बोगद्याची उंची ११ हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे तिथे उरतात १९० च्या आसपास. त्यातले गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत पोचतात १६० ते १६५. ६० मैलांचा वेग टिकणार नाही.

पण हेच गणित ४५ मैलांना करा. वजन वर नेण्याचा खर्च पाऊणपट होतो, हवेचा तर निम्म्याखाली येतो, आणि एकूण गरज ११० च्या जवळपास उरते. म्हणजे त्याच गाडीकडे भरपूर ताकद शिल्लक आहे. उजवी लेन धरा, चढाच्या आधीच खालचा गिअर घ्या म्हणजे गिअरबॉक्स सारखा वर-खाली करून तापणार नाही, आणि ट्रकांबरोबर चढा. कमी ताकदीच्या गाडीने चढावर जातो तो वेळ. जीव जायची वेळ येते ती सपाटीवर आणि उतारावर, आणि तिथे इंजिनाच्या आकड्याचा जवळजवळ काही संबंध नसतो. तिथे लागतं गाडीचं स्वतःचं वजन, तिची लांबी, मागचा ॲक्सल (म्हणजे मागच्या चाकांचा आस) आणि ब्रेक.

म्हणून ट्रेलर बघायला जाण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचा. त्यावर एक वाक्य असतं : माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. हा पेलोड. जाहिरातीत ५००० छापतात, पण तुमचा ट्रेलर हा आकडा ठरवतो. आमच्या गाडीचा होता १४२०.

ट्रेलरचा आणि पेलोडचा काय संबंध, तो तर स्वतःच्या चाकांवर चालतो, असं वाटेल. पण ट्रेलरचं तोंड गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या लोखंडी जोडावर, टेकलेलं असतं आणि तिथे तो दाब देतो. याला टंग वेट म्हणतात. अमेरिकेत हा दाब ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. आमच्या ४७४० ला तो होता ५६०. माणसं ५६०, सामान ५२०, हिचचं लोखंड ८०, वर हे ५६०. बेरीज १७२०. पेलोडच्या ३०० पौंड वर, आणि ट्रेलर मात्र अजून ५००० च्या आत! तीन ओळींच्या कौटुंबिक एसयूव्हीत हे फार सहज घडतं. ओढण्याची मर्यादा लांब असते, पेलोड आधीच संपलेला असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट तोलाच्या पावतीवर दिसते. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे मोठे काटे असतात. साधारण पंधरा डॉलरांत कुणीही वजन करून घेऊ शकतं, ट्रकच पाहिजे असं नाही. पुढची चाकं एका पाटीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलर तिसऱ्या. मी आधी ट्रेलर जोडून तोललं, मग सोडवून नुसती गाडी तोलली. ट्रेलर नसताना पुढच्या ॲक्सलवर २७८० आणि मागच्यावर २९६०. जोडल्यावर पुढे २५४० आणि मागे ३७६०. पुन्हा बघा : भार टाकला ५६० चा, मागच्या ॲक्सलवर वाढले ८००. वरचे २४० पुढून आले. हिच मागच्या चाकांच्या चार फूट मागे असतो, त्यामुळे गाडी मागच्या चाकांवर पहारीसारखी चालते : मागे दाबलं की पुढे उचलली जाते. मागच्या ॲक्सलची मर्यादा होती ३४००. आणि पुढची चाकं, ज्यांच्यावर स्टिअरिंग आणि बहुतांश ब्रेक अवलंबून, ती हलकी झालेली.

मग टंग वेट कमी करावं, सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला टाकावं, असं कुणालाही सुचेल. मी पहिल्या सहलीला न कळत तेच केलं होतं. ज्यांनी गावी बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. माल मागे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला लागतं. गाडी उलाळ झाली म्हणतात ती हीच. जाणता गाडीवान पोती रचून झाल्यावर जू हाताने उचलून बघतो आणि थोडा भार मानेवर राहील इतपत पोती पुढे सरकवतो. टंग वेटचा १० ते १५ टक्क्यांचा नियम म्हणजे तोच हात. फरक एवढाच की बैलगाडी ताशी तीन मैलांनी जाते आणि उलाळ झाली की जागच्या जागी कळते. ट्रेलर उलाळ आहे हे साठ मैलांच्या पुढे कळतं.

आमचं तसंच झालं. यलोस्टोन नॅशनल पार्कला निघालो होतो. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर चार सायकली, मागच्याच बाजूची पाण्याची टाकी काठोकाठ. आय-२५ वर फोर्ट कॉलिन्स मागे पडलं, वायोमिंग जवळ आलं, बाजूने वारा सुटला. वेग ६८. डावीकडून एक अठराचाकी ट्रक पुढे गेला. त्याच्या हवेने ट्रेलरची शेपटी उजवीकडे ढकलली, मग ट्रक पुढे सरकल्यावर ओढून घेतली. आरशात ट्रेलरचा डावा कोपरा दिसला, मग उजवा, मग पुन्हा डावा, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. स्टिअरिंग हातात होतं, पण मागचं टोक आम्हाला नेत होतं. मी ब्रेकवर पाय दाबला आणि ते आणखी वाढलं. मग पाय उचलला गेला, वेग आपोआप उतरला आणि पन्नाशीच्या खाली आल्यावर झुलणं थांबलं.

याला स्वे म्हणतात. ट्रेलर हिचच्या गोळ्याभोवती लंबकासारखा फिरू शकतो. बाजूने धक्का बसला की तो फिरतो, टायर त्याला परत आणतात, तो थोडा पलीकडे जातो, पुन्हा येतो. गाडी-ट्रेलरच्या प्रत्येक जोडीचा एक वेग असतो. त्याच्या खाली हे झोके लहान होत विरतात, त्याच्या वर मोठे होत जातात. वजन मागे असेल, विशेषतः अगदी टोकाला असेल, तर तो वेग खाली येतो. ओढणारी गाडी आखूड आणि हलकी असेल तरीही येतो. ब्रेक दाबला तर ट्रेलर मागून ढकलतो आणि गाडी मधोमध दुमडण्याचा धोका वाढतो. करायचं ते उलट : स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा, आणि डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या डब्याची) पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मग तो मागून ओढला जातो आणि सरळ होतो. त्या पट्टीकडे माझा हात त्या दिवशी गेलाच नाही, कारण रिकाम्या पार्किंगमध्ये ते कधी करून पाहिलेलं नव्हतं. गाडी घेऊन निघण्याआधी दहा वेळा तरी करून बघा.

आता पेच लक्षात येईल. वजन मागे टाकलं तर ट्रेलर झुलतो. पुढे आणलं तर मागचा ॲक्सल आणि पेलोड संपतो. जड ट्रेलर आणि मध्यम एसयूव्ही यांच्यात सुरक्षित जागा फार अरुंद उरते, कधी उरतच नाही. फोनवर लोकांना मी हेच समजावत असतो.

यावर दुकानात वेट डिस्ट्रिब्युशन हिच सुचवतात. तिच्यात दोन जाड पोलादी दांड्या असतात. त्या ताणल्या की मागच्या ॲक्सलवरचा काही भार उचलून पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर जातो. चीज चांगली आहे, पुढच्या चाकांची पकड परत येते. पण तिने पेलोड वाढतो हा समज चुकीचा आहे. स्टिकरवरचा आकडा तोच राहतो, वर त्या हिचचंच वजन धरावं लागतं. आणि काही एसयूव्हींच्या मॅन्युअलमध्ये ती वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तेव्हा दुकानदारापेक्षा मॅन्युअलचं ऐका.

युरोपातल्या नातेवाइकांचे फोटो पाहून कुणी विचारतं, तिथे छोट्या गाड्या एवढे कॅराव्हान, म्हणजे तिकडचे कॅम्पिंग ट्रेलर, कसे ओढतात? तिथे टंग वेट बरंच कमी ठेवतात आणि त्याची किंमत वेगात मोजतात. जर्मनीत ट्रेलरला साधारणपणे ताशी ८० किलोमीटर, खास परवानगी असली तर १००. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ६० मैल. शिवाय नवख्यांना तिथे सल्ला देतात की कॅराव्हानचं वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. हा मला फार शहाणपणाचा नियम वाटतो. आमचं प्रमाण १०० टक्क्यांच्याही वर होतं.

आता उतार. बोगद्याच्या पश्चिम तोंडातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत आठेक मैलांत रस्ता सुमारे सव्वादोन हजार फूट खाली येतो. खोपोली ते लोणावळा हा अख्खा चढ मोजला तरी याहून कमी भरेल. आमच्या ४७५० किलोंनी एवढी उंची उतरताना जी ऊर्जा बाहेर टाकावी लागते, तिच्यात ९०-९५ लिटर गार पाणी उकळेल. वेगात असाल तर त्यातला बराच वाटा हवा खाते, हळू असाल तर कमी. उरलेली सगळी इंजिनाने तरी अडवायची किंवा ब्रेकच्या डिस्कनी तरी गिळायची. डिस्क तापल्या की पॅडची पकड कमी होते. त्यानंतर उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट-३ प्रकारचं ताजं ऑइल २०५ डिग्री सेल्सियसला उकळतं, पण हवेतला ओलावा शोषून जुनं झालेलं १४० लाच उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पेडल मऊ होत पार तळाला जातं. बोरघाटात ब्रेक फेल झालेल्या ट्रकांच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचतो. त्यातल्या कितीतरी ब्रेकना घाटाच्या माथ्यावर काहीच झालेलं नसतं.

म्हणून उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच, खालच्या गिअरला या. इंजिन ओरडेल, मिनिटाला ४५०० फेऱ्या दिसतील, घाबरू नका. ते त्यासाठीच बनलेलं आहे. वेग वाढायला लागला की ब्रेक ठामपणे दाबून पाच मैल कमी करा आणि पूर्ण सोडा, डिस्कना हवा लागू द्या. पाय नुसता टेकवून ठेवणं सगळ्यांत वाईट. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक चालायलाच हवेत. बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांवरच्या ट्रेलरला ते कायद्यानेच सक्तीचे आहेत. इथे एक बारीक गोष्ट बरेच जण चुकवतात. एसयूव्हीला आयता मिळतो तो बऱ्याचदा चार पिनांचा प्लग असतो आणि त्यातून फक्त दिवे चालतात. इलेक्ट्रिक ब्रेकला सात पिनांचा प्लग आणि कंट्रोलर वेगळा बसवावा लागतो. ट्रेलरचे दिवे लागले म्हणजे ब्रेकही लागतात, असं समजून निघालेले लोक मी पाहिले आहेत.

परतीला डेन्व्हरच्या वेशीवर शेवटचा उतार लागतो. घरं दिसायला लागतात, मैदान दिसतं, पाय सैल पडतो. तिथे रस्त्याच्या डोक्यावर ट्रकवाल्यांसाठी मोठ्या पाट्या आहेत : फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत. पुढे आणखी एक : तुम्ही अजून खाली पोचलेले नाही. ट्रेलर मागे असेल तेव्हा त्या पाट्या आपल्यासाठीच आहेत.

त्या सहलीनंतर आम्ही सायकली आत, ॲक्सलच्या किंचित पुढे बांधल्या, पाणी कॅम्पवर पोचून भरायला लागलो, वेग ६० वर आणला. झुलणं थांबलं. मग काट्यावर गेलो आणि वर सांगितलेली पावती हातात आली. त्या हिवाळ्यात ट्रेलर विकला.

आताचा ट्रेलर लहान आहे. आजींसाठी नीट पलंग आहे, पोरं मात्र शेजारी तंबूत झोपतात. सगळं भरून तो २९०० पौंड होतो, टंग वेट ३४०. दर उन्हाळ्यातल्या पहिल्या सहलीला निघताना पंधरा डॉलर देऊन काट्यावर जातो, आणि पावती मुलगी वाचते. यंदा मागच्या ॲक्सलवर ३३१० आले, गाडी एकूण ५९२०, मर्यादा ६०००. तिने कूलरमधला अर्धा बर्फ काढायला लावला. बोगद्यापर्यंत आजही आम्ही पंचेचाळीसनेच चढतो, उजव्या लेनमध्ये, ट्रकांच्या मागे.